धुराचा आधार आणि मनाचे धैर्य

धुतलेले हात पुन्हा पुन्हा धुणे, मांसाचे भांडे दुधाच्या भांड्याला लागले की काय या शंकेने दोन्ही दहादा घासणे, शमामधील एखादा शब्द नीट उच्चारला गेला नाही म्हणून सारी तेफिला पुन्हा आरंभापासून म्हणणे, असे वागणाऱ्यास आपल्या समाजात कोणी सोवळा म्हणतात, कोणी फार धार्मिक म्हणतात. पुष्कळदा तो या दोहोंपैकी काहीच नसतो. त्यास ओसीडी नावाचा मनोविकार जडलेला असतो आणि आपण मनात आणले तरी त्यास थांबता येत नाही.

या विकारावर एक सिद्ध उपचार आहे. ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिला रुग्णाने उपचारकाच्या साहाय्याने पायरीपायरीने सामोरे जावयाचे आणि धुणे, तपासणे, विचारणे हा नेहमीचा विधी मात्र करावयाचा नाही. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी याचा पाया घातला. पुढे हैफा येथे जन्मलेल्या एडना फोआ यांनी अमेरिकेत त्यास शास्त्रशुद्ध रूप दिले. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात या उपचाराने 62 टक्के रुग्णांस गुण आला. क्लोमिप्रामीन या औषधाने 42 टक्क्यांस, तर औषधविरहित गोळीने अवघ्या 8 टक्क्यांस गुण आला.

आता एक नवा प्रश्न उपस्थित झाला आहे. हा उपचार कठीण असतो. तेव्हा सामोरे जाण्यापूर्वी थोडा गांजा घेतला तर काय बिघडले, असे कित्येक तरुण विचारतात. कोकणातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस गांजा म्हटला की चिलीम ओढणारा बैरागी आठवतो. येथे वाढलेल्या मुलांस तोच गांजा औषधाच्या दुकानात दिसतो. त्यातील टीएचसी हे द्रव्य 1964 साली रेहोवोत येथे राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनीच वेगळे केले. म्हणून प्रश्न हसून टाळण्याजोगा नाही. उत्तर मात्र, माझ्या मते, स्पष्ट आहे: या उपचाराच्या घटकेस गांजा नको.

गांजाने तात्पुरते बरे वाटते, हे मी नाकारीत नाही. 2021 च्या एका अमेरिकी पाहणीत 87 जणांनी तसेच नोंदविले. परंतु तेथे तुलनेस दुसरा गट नव्हता, आणि नको असलेल्या विचारांवरचा परिणाम कालांतराने क्षीण होत गेला. 2020 मध्ये न्यूयॉर्क येथे 12 रुग्णांवर खरा व निःसत्त्व गांजा ताडून पाहिला, तेव्हा विकाराच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हॉलंडमध्ये 80 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांस या प्रकारच्या उपचारासोबत गांजातील दुसरे द्रव्य, सीबीडी, देण्यात आले. ते रुग्ण ओसीडीचे नव्हते, अन्य भयविकारांचे होते. परंतु 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांनाही अधिक लाभ झाला नाही.

याचे कारण उपचाराच्या स्वरूपातच आहे. विधी न करताही भीती बहुधा ओसरते आणि कल्पिलेला अनर्थ घडत नाही, हे रुग्णाच्या मनाने स्वतः शिकावयाचे असते. धुराचा आधार घेतला तर श्रेय धुराला जाते, मनाला नाही. शिवाय टीएचसीने नवे शिकलेले स्मरणात ठेवण्याची शक्ती मंदावते, आणि येथे तर सारा भर शिकण्यावरच आहे. अखेर ‘आधी ओढावे, मग दाराची कडी धरावी’ हाच एक नवा विधी होऊन बसतो.

तथापि कोणी याचा विपर्यास करू नये. आपल्या देशात आघातोत्तर मनोविकारासाठी काही अटींवर गांजाचा परवाना मिळतो. तशा कोणी माझा लेख वाचून आपले औषध बंद करू नये. गांजा घेणाऱ्या रुग्णाने ते उपचारकापासून लपवू नये, एवढेच मागणे आहे. आईबापांनीही अशी वेळ आणू नये की मुलाला सत्य सांगण्यापेक्षा लपविणे सोपे वाटावे.

घरच्यांचे कर्तव्य आणखी एक आहे. ‘आई, भांडे शुद्ध आहे ना?’ या विसाव्या प्रश्नाला विसाव्यांदा ‘हो’ म्हणणे ही माया वाटते, पण तोही धुरासारखाच उसना आधार आहे. मिश्नेच्या पेसाहीम भागात आपल्या पूर्वजांनी ठरविले आहे की मुंगसासारख्या प्राण्याने खमीर एका घरातून दुसऱ्या घरात नेले असेल, अशी शंका घेत बसू नये. तसे केले तर शोधाला अंत राहणार नाही. शंकेला सीमा घालणे हेही धर्मपालनच आहे.

मुलामुलींची लग्ने जुळणार नाहीत या भयाने हा विकार घरात दडवू नका. आपल्या कुपत होलिमच्या डॉक्टरांस भेटा व या उपचाराचे शिक्षण घेतलेला उपचारक मागा. त्या कठीण घटकेस रुग्णाच्या शेजारी बसा, त्याच्या वतीने काही करू नका, आणि त्याचे धैर्य त्याचे त्यालाच कमावू द्या.