वीस वर्षांचा हक्क, बारा वर्षांचा दावा

पालमसारख्या तालुक्याच्या गावी मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. गंगाखेडला किंवा लोह्याला जाणारा शिक्षक, खत-बियाण्यासाठी बाजार गाठणारा शेतकरी, कचेरीची वेळ साधणारा कारकून या सर्वांचा दिवस तिच्यावर चालतो. एका लिटरात गाडी किती धावते, हा त्यांच्या दृष्टीने महिन्याच्या हिशोबाचा प्रश्न आहे. नेमक्या याच प्रश्नाशी निगडित असलेल्या एका इंजिनाच्या मालकीवरून देशातील दोन मोठ्या कंपन्या बारा वर्षे न्यायालयात भांडत राहिल्या. अखेर वाद मिटला. निकाल मात्र लागलाच नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे होते, तितके गेलेले नाही.

पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज ऑटो आणि तमिळनाडूतील होसूरची टीव्हीएस मोटर या त्या दोन कंपन्या. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून मराठवाड्यात उभा आहे, म्हणून हा वाद परका नव्हे. लहान इंजिनात विरळ मिश्रण जाळावयाचे तर एका स्पार्क प्लगची ठिणगी अपुरी पडते आणि ज्वलन मंदावते. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात दोन प्लग बसवून हे ज्वलन जलद करण्याच्या योजनेसाठी बजाजने जुलै २००२ मध्ये अर्ज केला व जुलै २००५ मध्ये पेटंट मिळविले. पल्सर गाडीमुळे हे तंत्र घरोघरी पोहोचले. २००७ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही दोन प्लगची गाडी जाहीर केली आणि ठिणगी पडली. बजाजने पेटंटभंगाचा आरोप केला. दोन प्लगची कल्पना होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटात आहे व आपले इंजिन तीन व्हॉल्व्हचे, म्हणजे निराळे आहे, असे टीव्हीएसचे म्हणणे पडले.

पुढचा प्रवास बोलका आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली. कंपनीला ‘फ्लेम’ एका प्लगची करून बाजारात आणावी लागली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठविली. सप्टेंबर २००९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. टीव्हीएसने गाडी विकावी, पण विक्रीचा चोख हिशोब ठेवावा, असे सांगून त्या न्यायालयाने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. अशा दाव्यांत वर्षानुवर्षे भांडण होते ते तात्पुरत्या मनाईहुकुमावर, आणि मूळ दावा तसाच पडून राहतो. म्हणून अशा दाव्यांची रोजच्या रोज सुनावणी करून साधारणतः चार महिन्यांत अंतिम निर्णय द्यावा, असा आदेश झाला. चार महिने सरले, चार वर्षे सरली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड करून सारे दावे मिटविले.

तडजोड झाली हे चांगलेच झाले, असे कोणी म्हणेल. दोन व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु पेटंट हा केवळ दोन व्यापाऱ्यांमधला करार नव्हे. तो समाजाशी झालेला करार आहे. संशोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करावी आणि त्याबदल्यात समाजाने त्याला वीस वर्षे एकाधिकार द्यावा, असा तो सौदा असतो. १९७० चा पेटंट कायदा असेही सांगतो की, पेटंट दिले गेले म्हणून ते वैध असल्याची हमी मिळत नाही. मग ती वैधता ठरवावयाची कोणी व केव्हा? अर्जापासून मोजलेली वीस वर्षे जुलै २०२२ मध्ये संपत होती. त्यांतील बारा वर्षे दाव्यात गेली, आणि ती युक्ती खरोखर नवी होती काय, हे कायद्याच्या मुखाने कोणीच सांगितले नाही. ती नवी असेल तर संशोधकावर अन्याय झाला. नसेल तर स्पर्धकावर आणि ग्राहकावर झाला. दोहोंपैकी एक अन्याय निश्चित आहे.

यात कोणती कंपनी ‘आपली’ हा विचार गैरलागू आहे. पियाजिओशी असलेला बजाजचा करार १९७१ मध्ये संपला, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बजाजच्या स्कूटर परदेशी बाजारात जाऊ लागल्या तेव्हा पियाजिओने तिच्यावरच असे दावे गुदरले होते. मागून येणाऱ्याला पेटंट अडसर वाटते, पुढे गेलेल्याला तेच ढाल वाटते. म्हणून कायद्याची कसोटी एकच: तो वेळेवर निर्णय देतो की नाही.

मोठ्या कंपन्या विलंब सोसू शकतात. त्यांच्यापाशी वकील आहेत, पैसा आहे. खरा प्रश्न लहान माणसाचा आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी बुलेट मोटारसायकलला औते जोडून पेरणी-कोळपणीचे यंत्र बनविले आणि त्या ‘बुलेट सांती’ला भारतात व अमेरिकेतही पेटंट मिळाले. पालमच्या वेल्डिंगच्या दुकानातही उद्या अशी युक्ती निघू शकेल. पण ती कोणी उचलली तर बारा वर्षांचा दावा तो कारागीर कोणत्या बळावर लढणार? ज्या हक्काचे रक्षण वेळेत होत नाही, तो गरिबाच्या हाती केवळ कागद उरतो.

उपाय अशक्य नाहीत. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये रद्द झाले व त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले. तेथे तंत्रज्ञांचे साहाय्य देऊन मूळ दाव्याचाच निकाल ठरावीक मुदतीत लावणे बंधनकारक केले पाहिजे. जर्मनीत १८९१ पासून व जपानात १९०५ पासून लहान सुधारणांसाठी अल्प मुदतीचे, सोपे संरक्षण आहे. भारतात ते अद्याप नाही, ते आणले पाहिजे.

शिक्षकांनाही येथे काम आहे. पेटंटाचे विवरण कोणालाही फुकट वाचता येते आणि मुदत संपलेली युक्ती कोणालाही वापरता येते, हे आपल्या आयटीआय व तंत्रनिकेतनांतील किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? दोन प्लगच्या त्या वादग्रस्त इंजिनाचे विवरणही आज सर्वांना खुले आहे. न्यायालयाने जो प्रश्न अनुत्तरित ठेवला, तो निदान वर्गात तरी अभ्यासिला जावा. त्यातून कायद्याची अब्रू वाचणार नाही; पण समाजाने त्या एकाधिकारासाठी जी किंमत मोजली, तिचे थोडे मोल तरी पदरात पडेल.