थंडीनें रुसलेलें एंजिन

पौषांतल्या पहाटे आम्हां रत्नागिरीकरांच्या घरीं खोबरेलाची बाटली उपडी केली, तरी थेंब गळत नाहीं. सुमारें २४ अंशांखालीं हें तेल थिजतें. मग मुलें बाटली उन्हांत नेऊन ठेवतात. आमच्या शेजारचा एक तरुण लष्करांत अवजड मालमोटार चालवितो. लेहहून रजेवर आला असतां तो म्हणाला, “काका, तिकडे डिझेलचीही हीच गत!”

डिझेलमध्यें मेणासारखा अंश विरघळलेला असतो. कडक थंडींत त्याचे कण वेगळे होऊन गाळणींत अडकतात व एंजिनाला तेल मिळेनासें होतें. शिवाय या एंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत हवा दाबून शेंकडों अंश तापविली जाते व त्या उष्णतेनेंच तेल पेटतें. गारठलेलें लोखंड ती उष्णता शोषून घेतें. त्यांतच वंगण घट्ट होतें आणि बॅटरीचा जोर घटतो. मग एंजिन रुसल्यास नवल काय?

यास्तव नोव्हेंबर २०१९ मध्यें इंडियन ऑइलनें लडाखकरितां उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें डिझेल विक्रीस आणलें. बाकीची काळजी चालकानें घ्यावयाची. थंड हवेंतही पातळ राहणारें वंगण आधींच भरावें. मेण सुटूं न देणारें औषध घालावयाचें, तर तेंही आधींच. मेण एकदां धरलें, कीं त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. पहाटे हवा तापविणाऱ्या तारेला अवसर द्यावा. चावी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक वेळ फिरवूं नये; न जमल्यास मिनिट-दोन मिनिटें थांबावें. एंजिन सुरू झालें, तरी लगेच भार घालूं नये.

घाईनें टाकीखालीं जाळ करणारेही असतात, हें ऐकून त्या तरुणाच्या मातोश्री घाबऱ्या झाल्या. जवळच तेल व वायर असतां उघडा जाळ म्हणजे प्राणाशीं खेळ. निघण्याच्या दिवशीं त्याच्या डोक्याला तेल लावतांना त्या म्हणाल्या, “बाळ, उशीर झाला तर बोलणीं खा, पण जाळ करूं नकोस. ही बाटली कधीं चुलीवर ठेवलेली पाहिलीस का?”

आम्हांसही याहून अधिक कांहीं सांगावयाचें नाहीं.