‘मानधन’ नावाचा आडपडदा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अंगणवाडी सेविकेच्या निरोपसमारंभाला उपस्थित राहण्याचा योग आला. शाल झाली, श्रीफळ झाले, साडीचोळी झाली. प्रत्येक वक्त्याने बाईंना ‘गावाची दुसरी आई’ म्हटले. त्यांच्या हाताखालून गेलेला एक मुलगा सरपंच म्हणून अध्यक्षस्थानी बसला होता. समारंभ आटोपल्यावर बाईंनी हलक्या आवाजात विचारले, ‘‘आता महिन्याच्या महिन्याला काय?’’ व्यासपीठावरील मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता. एकरकमी मदतीचे कागद कुठल्याशा कार्यालयात होते, एवढेच कळले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि त्या चालविणाऱ्या सेविका-मदतनिसांना मिळते ते ‘मानधन’. शब्द मोठा गोंडस आहे. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, परीक्षकाला आपण देतो ते मानधन. तो एक दिवस येतो, सन्मान स्वीकारतो आणि आपल्या व्यवसायाला परत जातो. सेविकेचे तसे नाही. मुलांची वजने, पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, गर्भवतींच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी फेरी, शिवाय अधूनमधून येणारी सर्वेक्षणे आणि २०२१ पासून मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’ हे सर्व तिच्याच माथी. हजेरी आहे, तपासणी आहे, कारणे दाखवा नोटीस आहे. नाही ते फक्त म्हातारपण. कारण कागदावर ती अर्धवेळ, स्वेच्छेने काम करणारी!

हा कागद सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी फाडला. गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातील सेविकांनी उपदानासाठी, म्हणजे आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतो त्यासाठी, दाद मागितली होती. उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला, खंडपीठाने तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्यासमोर प्रकरण आले. हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद स्वीकारणे अशक्य आहे, १९७२ च्या उपदान कायद्याच्या दृष्टीने मानधन हे वेतनच आहे आणि थकलेल्या रकमेवर दहा टक्के सरळ व्याज द्यावे, असा तो निर्णय आहे.

रक्कम तरी किती होती? त्या वेळी गुजरातमध्ये सेविकेला महिना ७,८०० रुपये मिळत. कायद्याचे सूत्र असे की, शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. वर्षाला ४,५०० आणि तीस वर्षांच्या सेवेचे १ लाख ३५ हजार. ३,९५० रुपये मिळविणाऱ्या मदतनिसाचे तेवढ्याच वर्षांचे होतात सुमारे ६८ हजार. एवढ्यासाठी या स्त्रियांना दाहोदहून दिल्लीपर्यंत जावे लागले आणि समोर शासनाचे वकील उभे होते.

महाराष्ट्राने तर याहून विलक्षण प्रकार पाहिला. २०१७ मध्ये सेविकांचा संप झाला. पुढे मार्च २०१८ मध्ये त्यांना ‘मेस्मा’ म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा लावण्यात आला. विधिमंडळात गदारोळ उठला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. संप करायचा म्हटले की सेवा अत्यावश्यक आणि निवृत्तीचे बोलायचे म्हटले की अर्धवेळ! ते सरकार आपल्या विचारांचे होते, म्हणून हे लिहायचे टाळावे असे आम्हास वाटत नाही. सेविका, आशा यांना कामगार मानावे, किमान वेतन व निवृत्तिवेतन द्यावे, ही शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने मे २०१३ मध्ये केली. तेव्हा केंद्रात काँग्रेसचे सरकार होते. पुढच्याच वर्षी ते गेले. शिफारस मात्र मागणीच्याच यादीत राहिली.

या क्षेत्रात लाल बावट्याच्या संघटनांचा जोर दिसतो, अशी खंत आपल्या बैठकांत व्यक्त होते. भारतीय मजदूर संघाचे अंगणवाडी क्षेत्रातील काम लहान नाही. तरीही खंत करणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ‘सेवा’ हा शब्द आपला आहे. स्वयंसेवक पदरमोड करून काम करतो, कारण ते त्याने स्वतः निवडलेले असते. न आल्यास त्याचा दिवस कापला जात नाही. ज्या बाईचा दिवस कापला जातो तिला ‘सेवाभाव’ शिकविणे हा त्या शब्दाचाच अपमान आहे. आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळला मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा वर्गसंघर्ष नाकारला होता. श्रमिकाचा हक्क नव्हे. देशहितासाठी काम करू आणि कामाचे पुरते दाम घेऊ, हीच संघाची घोषणा आहे. तिचा उत्तरार्ध आपण अंमळ हळू आवाजात म्हणतो, असे आमचे निरीक्षण आहे.

सर्वांना सरकारी नोकर केल्यास तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप खोटा नाही. परंतु भार पडतो म्हणून शून्य द्यावे, हे कोणते गणित? काम खरोखरच चार तासांचे असेल, तर लाभ निम्मा असावा. तासांच्या प्रमाणात भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन असावे. अर्ध्याचे अर्धे होते, हे अंगणवाडीतल्या मुलालाही कळते. २०१९ ची प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर महिना ३,००० रुपये देते, कामगाराच्या हप्त्याइतकीच भर केंद्र घालते. योजना चांगली, पण तिचे दार वयाच्या चाळिशीला बंद होते. आज जी पन्नाशीत आहे, जिने उमेदीची वर्षे गावाच्या लेकरांत घालविली, ती दाराबाहेरच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि मुदतबंद नियुक्तीवरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदानाचा हक्क मिळाला. एका वर्षाच्या कामाला हक्क असेल, तर तीस वर्षांच्या कामासाठी दरवेळी न्यायालयाची पायरी का चढावी लागावी?

शासनाला हे विचारताना स्वतःच्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. समाजाच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या बालवाड्या, वसतिगृहे, वाचनालये, पतपेढ्या आपल्यापैकी अनेक जण चालवितात. तेथे सकाळचे तीन तास येणारी ताई असते, संध्याकाळी हिशेब लिहिणारे काका असतात. दहापेक्षा कमी माणसे असली की उपदानाचा कायदा सहसा लागत नाही आणि आपणही निश्चिंत होतो. काका सत्तरीला टेकले की वर्धापनदिनी त्यांचा सत्कार करतो. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो. इमारत निधी असतो, रौप्यमहोत्सव निधी असतो. येत्या सभेत एखाद्या सभासदाने उभे राहून विचारावे, ताईंच्या नावाने यंदा किती रक्कम बाजूला ठेवली, आणि ती कोणत्या शीर्षाखाली आहे.