वंध्यत्वाची फाइल एकटीच्या नावावर का?

सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात ‘मूल होत नाही’ म्हणून येणाऱ्या बाईसोबत बहुतेक वेळा सासू असते, नाहीतर नणंद किंवा बहीण. पिशवीत चार-पाच वर्षांचे कागद असतात. तीन ठिकाणच्या सोनोग्राफी, थायरॉइडचे रिपोर्ट, नळ्यांचा एक्स-रे. काहींची तर दुर्बिणीची तपासणीही होऊन गेलेली असते. नवऱ्याच्या नावाचा कागद मात्र शोधूनही सापडत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘त्यांना काही त्रास नाही.’

त्रास नसणे आणि दोष नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरसंबंध व्यवस्थित, तब्येत ठणठणीत आणि तरीही वीर्यात एकही शुक्राणू नाही, असे असू शकते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण सापडते. कधी तेवढेच, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. आपल्याकडे मात्र ‘वांझ’ म्हणतात ते बाईलाच. पुरुषासाठी जो शब्द फेकला जातो तो ‘नपुंसक’, आणि तो मुळात वेगळ्याच तक्रारीचा आहे. शुक्राणू कमी असणे म्हणजे पुरुषत्व कमी असणे, ही गल्लत डोक्यात पक्की बसल्यामुळेच बरेच नवरे दवाखान्याच्या पायरीवरून मागे फिरतात.

वास्तविक सगळ्या तपासण्यांत सर्वांत सोपी त्यांचीच. सुई नाही, भूल नाही, खर्चही तुलनेने थोडा. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढेच. याउलट नळ्यांच्या एक्स-रेमध्ये गर्भाशयात औषध सोडतात, तेव्हा पोटात चांगलीच कळ येते. तो पाळी थांबल्यावर ठरावीक दिवसांतच करावा लागतो. ते दिवस हुकले की पुढच्या महिन्याची वाट. हे सारे बाईने सोसून झाल्यावर नवऱ्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहायची, हा क्रम उलटा आहे. पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी सुरू व्हायला हवी.

रिपोर्ट आला की दुसरा घोळ सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा आहे. त्याहून थोडा कमी आकडा म्हणजे मूल होणारच नाही, असे नव्हे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून महिन्यापूर्वी आलेल्या जोराच्या तापाचा परिणामही आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. दोष दिसला तर साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. तंबाखू आणि दारू सोडायची ती याच काळात. व्यायामशाळेत कोणी सुचवलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पाडू शकतात. ‘ताकदीचे’ म्हणून घेतलेले औषध नेमके उलटे काम करते. डॉक्टरांना हे लपवले तर बाकीच्या तपासण्या वाया जातात.

किती थांबायचे? नियमित संबंध असूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही तर तज्ज्ञाकडे जावे. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने पुरेत. पाळी अनियमित असेल, ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पूर्वी क्षय झाला असेल तर तेवढेही थांबू नये. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षय हे महत्त्वाचे कारण आहे आणि त्यात खोकला असेलच असे नाही.

नवऱ्याच्या नकारात गेलेली तीन वर्षे बायकोच्या वयातून वजा होतात. स्त्रीबीजांचा साठा जन्मत:च ठरलेला असतो, आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता दोन्ही वेगाने उतरतात. आयव्हीएफने हे वय मागे नेता येत नाही. स्वत:ची बीजे वापरायची तर त्या उपचाराचे यशही याच वयावर अवलंबून असते.

आयव्हीएफपर्यंत गोष्ट गेलीच तर २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. स्त्रीचे वय ५० च्या आणि पुरुषाचे ५५ च्या आत असावे लागते. ‘यशाचे प्रमाण’ सांगितले गेले की ते गर्भ राहण्याचे की मूल घरी नेण्याचे, हे दोघांनी मिळून विचारावे. या दोन आकड्यांत बरेच अंतर असते.

मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. सार्वजनिक रुग्णालयाने असे काम करून दाखवल्याला चार दशके होत आली. तरी कित्येक ठिकाणी वीर्याचा नमुना देण्यासाठी पुरुषाच्या हातात डबी देऊन त्याला सार्वजनिक शौचालयाकडे बोट दाखवले जाते. आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली आणि पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावाचा एकत्र केसपेपर, एवढे तरी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला जमायला हरकत नाही. तोवर, घर जवळ असेल तर नमुना घरी घेऊनही आणता येतो. डबी प्रयोगशाळेनेच दिलेली हवी, साधा निरोध वापरू नये. डबी अंगाच्या उबेला धरून तासाभराच्या आत पोचवावी आणि नमुना किती वाजता घेतला ते तिच्यावर लिहावे.