कायदा पाळणाऱ्याची बंदूक

निवडणूक जाहीर झाली की चौकातले फलक झाकले जातात, भिंतींवरच्या घोषणा पुसल्या जातात, आणि सातारा-सांगलीकडच्या पोलिस ठाण्यांच्या दारात खांद्याला बंदूक लावलेली वयस्क माणसे दिसू लागतात. कोणी पाटण खोऱ्यातला शेतकरी, कोणी माण-खटावचा निवृत्त सुभेदार, कोणी मिरजेचा व्यापारी. बंदूक जमा करायची, पावती खिशात ठेवायची आणि निकाल लागल्यावर परत न्यायला यायचे. या गर्दीत एक माणूस मात्र कधी दिसत नाही. कमरेला गावठी कट्टा लावून हिंडणारा. त्याच्याजवळ परवाना नाही, म्हणून यादीत त्याचे नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून त्याला नोटीसही नाही.

शस्त्रांचा कायदा आणखी कडक केला तर गुन्हे कमी होतील काय, हा प्रश्न एखादी गोळीबाराची बातमी आली की नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना पोलिस ठाण्याच्या दारातल्या या माणसांकडेही एकदा पाहायला हवे.

आपल्याकडच्या शस्त्रकायद्याचा जन्मच मुळी अविश्वासातून झाला. १८५७ चा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी घातली. त्या कायद्याच्या अमलातच आपल्या मुलखात प्रतिसरकार उभे राहिले. वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांना बंदुकीचा परवाना कोण देणार होते? २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेही पहारेकऱ्यांच्याच बंदुका घेऊन. त्या देशभक्तांची आजच्या गुंडांशी तुलना करण्याचा करंटेपणा कोणी करू नये. सांगायचे ते एवढेच, की प्रजेला निःशस्त्र ठेवणारा कायदा परक्या सरकारला हवा होता. म्हणून तर १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

पुढे राज्यघटनेत तो हक्क आला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ मध्ये अमलात आला. त्याने मधला मार्ग काढला. बंदूक हा हक्क नाही; पण कारण खरे असेल आणि माणूस नीट असेल तर परवाना मिळावा. शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची किंवा संरक्षणासाठी लांब नळीच्या बंदुकीची तरतूद या कायद्यातच आहे. कायदा करणाऱ्यांना खेडे ठाऊक होते, याची ही खूण.

सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत राखण म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. चांदोली आणि कोयनेचे जंगल मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांगलीच गोष्ट झाली. पण जंगलाच्या कडेला शिराळा, पाटण, जावळी या तालुक्यांत भात, भुईमूग, ऊस पिकवणारी माणसेही राहतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे रान नांगरल्यासारखे उलथून टाकतो. गव्यांनी उसात ठाण मांडले तर डबे वाजवून ते हलत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यांना परवानगीवाचून मारता येत नाही, आणि मारूही नये. पण माळ्यावर एकट्याने बसलेल्या शेतकऱ्याला बंदुकीच्या नुसत्या आवाजाचा केवढा आधार असतो! निवडणूक नेमकी पीक हातातोंडाशी आल्यावर लागली, तर तो आधार पोलिस ठाण्याच्या कपाटात जाऊन बसतो.

दुसरा मोठा वर्ग माजी सैनिकांचा. साताऱ्यात अपशिंगेसारख्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटलेला आहे. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार पदरच्या पैशाने बारा बोअरची बंदूक घेतो, परवाना काढतो आणि एखाद्या बँकेच्या दारात पहाऱ्याला उभा राहतो. माझी नोकरीची बरीच वर्षे अशा माणसांच्या सोबतीने गेली. एका निवडणुकीच्या वेळी आमच्या शाखेच्या पहारेकऱ्यालाही सरसकट नोटीस आली. तिजोरीत साखर कारखान्याच्या उसाच्या बिलांची रोकड होती. बंदूक जमा करून आलेला तो हवालदार मला म्हणाला, “साहेब, चोराला तेवढं कळवा, की निकाल लागेपर्यंत येऊ नको म्हणावं.” वरिष्ठ कार्यालयाला मी पत्र पाठवले, उत्तर आले ते निकालानंतर.

अशा सरसकट जमाबंदीचा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला. गोव्यातून २००९ साली दाखल झालेल्या एका याचिकेच्या निमित्ताने न्यायालयाने छाननी समितीचा मार्ग घालून दिला. कोणाची बंदूक जमा करायची हे समितीने माणूस पाहून ठरवावे, असा त्याचा आशय. निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच धर्तीच्या आहेत. पण एक छापील नोटीस सगळ्यांना धाडणे सोपे; माणूस पाहायचा तर कागद वाचावे लागतात.

आता गुन्ह्यांकडे वळू. बंदुकीने होणाऱ्या खुनांत विनापरवाना हत्यारांचा वाटा फार मोठा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते. आपल्याकडे पकडली जाणारी पिस्तुले बहुधा मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांतून येतात. जून २०२३ मध्ये सांगलीत भर दिवसा, पोलिस असल्याची बतावणी करून एका मोठ्या सराफी दुकानावर दरोडा पडला. ती टोळी परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत गेली नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत बाबा सिद्दिकींचा खून झाला, तोही बेकायदा पिस्तुलांनी.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. परवानाधारकाला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, ती दोनवर आली. वडिलोपार्जित तिसरी बंदूक असलेल्यांना ती जमा करावी लागली. तिच्यामुळे गुन्हे घडत होते, असे कोणी दाखवून दिले नव्हते. त्याच दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवणाऱ्या-विकणाऱ्याची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी कडक केली. हे उत्तम. पण बेकायदा शस्त्राच्या खटल्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती वेळेवर घेतली नाही, पंच फुटले, हत्याराच्या तपासणीचा अहवाल रखडला, की कायदा कितीही कडक असो, आरोपी सुटतो. शिक्षेच्या लांबीपेक्षा ती होईलच याची खात्री गुन्हेगाराला अधिक धास्ती घालते.

मात्र परवानाधारकांनीही आपली बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असा आव आणू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला, तो मारेकऱ्याच्या पहारेकऱ्याच्या परवान्याच्या पिस्तुलाने. बीडमध्ये डिसेंबर २०२४ मधल्या सरपंच संतोष देशमुखांच्या हत्येनंतर जिल्ह्यातल्या परवान्यांचा आकडा बाहेर आला. तो बाराशेच्या वर होता! त्यांतले अनेक पुढे रद्द करावे लागले. वरातीत बार काढणारे आपल्याकडेही आहेत. २०१९ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना मानाची गोष्ट झाला, पुढाऱ्याच्या शिफारशीने मिळू लागला, की कायदेशीर बंदूक आणि कट्टा यांत कागदाचाच फरक उरतो. घरातली बंदूक घरातल्याच माणसाच्या हातून, रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणात उडू शकते, हेही विसरू नये. अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या बळींत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात.

जगाचा अनुभवही एकसुरी नाही. पोर्ट आर्थरच्या १९९६ च्या हत्याकांडात ३५ माणसे मेली आणि ऑस्ट्रेलियाने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या. त्यानंतर तिथले बंदुकीचे मृत्यू घटले. जपानचा कायदा त्याहून कठोर. तरी २०२२ मध्ये शिंझो आबे यांना घरी बनवलेल्या बंदुकीने मारले गेले. आपल्याच शेजारी, कर्नाटकातल्या कोडगूमध्ये, कोडवांना परंपरेने परवान्यातून सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत चालू ठेवलेली आहे. घरोघर बंदूक असूनही तो जिल्हा गोळीबारांसाठी कोणी ओळखत नाही. तेव्हा बंदुका किती, यासोबतच त्या कोणाच्या हातात आणि कोणत्या रीतीभातीत, हेही मोजावे लागते.

म्हणून माझे मत असे. परवाना देताना कायदा हवा तेवढा कडक असावा. चौकशी खरी व्हावी, शिफारशीची चिठ्ठी कचऱ्यात जावी. २०१६ च्या नियमांत प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवण आलेली आहे. तिची तपासणी घरी जाऊन व्हावी, आणि ज्याने दहशतीसाठी बंदूक दाखवली त्याचा परवाना त्याच दिवशी थांबावा. त्याला आम्हा कोणाची हरकत नाही. पण एकदा पारखून विश्वास टाकला की तो निभवावा. नूतनीकरणासाठी सत्तरीच्या शेतकऱ्याला खेपा घालायला लावू नयेत, निवडणुकीत माणूस पाहून निर्णय घ्यावा, आणि त्यात वाचलेले मनुष्यबळ कट्ट्यांच्या वाटा रोखायला लावावे.

कडकपणा दाखवायला नोंदवहीतला माणूस सर्वांत सोयीचा असतो, कारण त्याचा पत्ता ठाऊक असतो आणि तो बोलावल्यावर येतो. पण गुन्हे कमी करायचे तर ज्याचे नाव नोंदवहीत नाही, त्याच्यापर्यंत जावे लागेल.