पट्टा सोडा, पोटाला काम द्या

बाळंतपणानंतर बाईचं पोट सैल राहिलं की घरात एकच उपाय निघतो: पट्टा आवळ. सवा महिना सुती कापड, मग दुकानातला इलॅस्टिकचा पट्टा, आणि तरीही भागलं नाही तर “दोन लेकरांची आई झालीस, आता चालायचंच.” या सगळ्याला माझा विरोध आहे. तो काशीतल्या दशाश्वमेध घाटावरून मांडते, कारण पट्ट्याची बाजू घेणारे आयुर्वेदशास्त्राचा हवाला देतात आणि त्या शास्त्राचं या नगरीशी जुनं नातं आहे.

आधी दुखणं नेमकं काय ते पाहू. बेंबीच्या दोन्ही अंगांना पोटाचे उभे स्नायू असतात आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी, चिवट पट्टी. गर्भ वाढतो तशी ती ताणते, रुंद आणि पातळ होते. फाटत नाही. तपासायचं तर उताणं निजून गुडघे दुमडावेत, डोकं जरासं उचलावं आणि बेंबीच्या वर बोटं जोडून, टोकं पायांकडे करून ठेवावीत. दोन्हीकडचे स्नायू बोटांच्या कडांना लागतात. मध्ये दोन बोटांहून जास्त जागा असेल तर फट आहे असं ढोबळपणे धरतात. पण रुंदीपेक्षा मला खोली महत्त्वाची वाटते. बोट ताठ पडद्याला टेकतं, की मऊ पोटात रुतत जातं? रुतत असेल तर अंथरुणातून सरळ उठताना बेंबीच्या वर उभा उंचवटा येतो. पुष्कळ जणींनी तो पाहिलेला असतो आणि लाजेने कुणाला दाखवलेला नसतो.

आता पूर्वपक्ष. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, प्रसूतेच्या पोटाला तूप-तेल चोळून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेढावं असं सांगितलं आहे, हे खरं. पण कारणही तिथेच दिलं आहे: रिकाम्या झालेल्या पोटात वायूला विकार करायला जागा मिळू नये. कापडाने स्नायू बळकट होतील असा दावा चरकाने केलेला नाही, तो आपण त्याच्या नावावर चिकटवला. मी कापडाच्या मुळावर उठलेले नाही. सिझेरियननंतर पहिल्या दिवसांत उठताबसताना पट्ट्याचा आधार वाटतो, तेव्हा तो जरूर बांधावा. पण जो भार पोटाने पेलायचा तो महिनोन्‌महिने इलॅस्टिकवर टाकला, तर पोट बळकट होणार कसं?

परंपरेनुसार सुश्रुत हा काशिराज दिवोदास धन्वंतरींचा शिष्य. त्याने दीड महिन्यानंतर बाईला सूतिका म्हणू नये, आहारविहाराचे निर्बंध काढावेत असं लिहिलं. आपला सवा महिना त्याच्या जवळपासचा. नवजात बाळासाठीच्या घरभेटींतली आशा कार्यकर्तीची, म्हणजे आशाताईंची, शेवटची फेरी 42व्या दिवशी. दवाखान्यातली तपासणीही सहा आठवड्यांनी. सगळ्यांची मुदत एकाच सुमारास संपते. नॉर्वेतल्या पहिलटकरणींचा 2016 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींना फट होती आणि वर्षानंतरही जवळजवळ 33 टक्क्यांना. म्हणजे ज्या दिवशी आपण बाळंतपण संपलं म्हणतो, त्या दिवशी पोटाचं काम जेमतेम सुरू व्हायला हवं असतं.

या घाटावर ते उघड दिसतं. नानासाहेब पेशव्यांनी 1748च्या सुमारास बांधवलेला आणि पुढे अहल्याबाईंनी पुन्हा उभारलेला हा घाट. पायऱ्या उंच आणि पुष्कळ. जावळाला आणलेलं मूल कडेवर, दुसऱ्या हातात गंगाजलाचा पाच लिटरचा कॅन, अशी बाई होडीतून उतरते. पहिल्या पायरीवर तिची कंबर मागे वाकते, पोट पुढे येतं, श्वास कोंडतो. पुढे तुळशी घाटावरच्या आखाड्यात पहिलवानाचा स्नायू दुखावला तर वस्ताद त्याला हळूहळू पुन्हा मेहनतीवर आणतात. आईच्या वाट्याला मात्र कापड.

“आमच्या आज्यांना असलं काही नव्हतं,” हा दुसरा आक्षेप. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायका तपासल्या, त्याचा अहवाल 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून काही नव्हतं. आज्यांचं तेच.

तिसरा सूर मोबाइलवरचा: डोकं-खांदे उचलण्याचा व्यायाम कराल तर फट वाढेल. नॉर्वेतच 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायकांनी 12 आठवडे नेमका तोच व्यायाम केला. फट वाढली नाही, ताकद वाढली. आणि माझ्या बाजूचे, फिजिओथेरपीचे पाठीराखे “अमुक आठवड्यांत फट बंद” म्हणतात, तेही मला मान्य नाही. 2018च्या एका चाचणीत व्यायामवर्गाने फटीच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. मग फिजिओथेरपी कशाला? कारण बाईला बोटांचं माप घेऊन जगायचं नसतं, मूल उचलायचं असतं. कुशीवर वळून उठणं, श्वास सोडत खालचं पोट आत घेऊन ओझं उचलणं, टाच सरकवण्यापासून वजन घेऊन उठाबशांपर्यंत पायरीपायरीने जाणं, आणि उंचवटा आला की एक पायरी मागे येणं. हे पाहणारा जाणता डोळा हवा, तो पुस्तकातून किंवा रीलमधून येत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे आणि पोटाचे व्यायाम सामाजिक विम्यातून शिकवले जातात. आपल्याकडे निदान 42व्या दिवशी आशाताईंनी दोन प्रश्न विचारावेत: उठताना पोटावर उंचवटा येतो का, आणि खोकताना लघवी सुटते का. उत्तर हो असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी द्यावी. आणि तो फुगवटा दाबूनही आत जात नसेल, दुखत असेल, उलट्या होत असतील, तर व्यायाम नको. तो हर्निया असू शकतो. त्याच दिवशी सर्जनकडे न्यावं.