फोटोत भांडण कसं दाखवणार?

आमच्या दोन शिक्षकी शाळेचा व्हरांडा किती लांब आहे, हे मी तिसरी-चौथीच्या मुलांना पावलांनी मोजायला लावलं. एकाची २६ पावलं भरली, एकीची ३१. लगेच तक्रार, ‘बाई, हा मुद्दाम ढांगा टाकतो!’ मी मधे पडले नाही. (अठरा वर्षं शिकवूनही अशा वेळी जीभ शिवशिवतेच.) शेवटी एकाने तोडगा काढला, सगळ्यांनी एकाच्याच पावलाने मोजायचं. कुणाच्या, यावर पुन्हा भांडण. मग त्यांनी कुंपणाजवळची बांबूची काठी उचलली आणि तिचं नाव ठेवलं ‘आपली काठी’. प्रमाणित एकक म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. ते मुलांना हवंसं झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

काठी दोन दिवस गावभर फिरली. एकीच्या आजीने सांगितलं, विहिरीत दोन परस पाणी आहे. वर्गात गोंधळ: परस तर घरामागे असतो, तो विहिरीत कसा गेला? हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस, हे आजीनेच शाळेत येऊन उभं राहून दाखवलं. गणिताचा तास असा भाषेत शिरला, तिथून परिसर अभ्यासात. वेळापत्रकाचं वाटोळं झालं, हे मान्य.

तिसऱ्या दिवशी वरून निरोप आला, ‘मापन उपक्रमाचे पाच फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका.’ मी चार मुलं ओळीत उभी केली, साहित्यपेटीतली नवी टेप हातात दिली आणि ‘हसा’ म्हटलं. फोटो छान आले. टेपवरचा आकडा चौघांपैकी कुणीच वाचला नव्हता.

साहित्यपेट्यांशी माझं वैर नाही. पण उपक्रम किती झाले याचीच मोजदाद होते, मुलं कुठे अडली हे कुणी विचारत नाही. मग आम्ही शिक्षकही न फसणारे उपक्रम निवडतो: कागदाची फुलं, तयार तक्ते, पस्तीस मिनिटांत आटपणारं काहीतरी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, शिंपले, बिया हेच त्यांचं साहित्य होतं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताई कुरणशाळा घेऊन थेट माळावर गेल्या. तिथलं शिकणं कुठल्या रकान्यात बसवलं असतं कुणास ठाऊक.

भेटीला येणाऱ्या साहेबांनी फोटोऐवजी एक वही मागावी, भरपूर खाडाखोड असलेली. आमच्याकडे पुष्कळ आहेत.

काठी परवा पहिलीतल्या एकाने मोडली. नवी काठी नेमकी जुनीएवढीच कशी कापायची, यावर चौथीत सध्या दोन तट पडले आहेत.